जुनोच्या पावसात रोपवे घ्यावा की हिमनदी पाहावी?

अलास्कातील जुनो बंदरात क्रूझ लागते तेव्हा पाऊस असणे नेहमीचेच आहे, कारण हा सारा परिसर समशीतोष्ण वर्षावनाचा आहे. धक्क्यालगतचा माउंट रॉबर्ट्सचा रोपवे सोयीचा खरा; परंतु अशा दिवशी सुमारे 1,800 फुटांवर पोहोचेपर्यंत बहुधा ढग काचेला येऊन भिडतात आणि ज्या दृश्यासाठी तिकीट काढले, तेच नाहीसे होते. मेंडेनहॉल हिमनदी शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर असल्याने बसमध्ये वेळ जातो, तरीही ढगाळ उजेडात बर्फाची निळाई अधिक गडद दिसते आणि पावसाने फुगलेला, 377 फूट उंचीचा नगेट धबधबा सरोवराकाठी कोसळताना अगदी जवळून पाहता येतो. माझा कौल निःसंशय हिमनदीलाच आहे. मात्र रेनकोट आणि न घसरणारे बूट हवेतच.