चालणं की घरातली सायकल? हार्ट फेल्युअर असलेल्यांसाठी

हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलू शकत नाही; डॉक्टरांनी व्यायामाला होकार दिला, पण नेमकं काय करायचं, असं एका वाचकाने विचारलंय. (तब्येत स्थिर असेल तरच पुढचं वाचा.)

खर्चात चालणं सरळ जिंकतं. बरे बूट असले की झालं.

श्रमावर ताबा मात्र सायकलवर जास्त. चढ आला, वारा सुटला की चालणाऱ्याच्या हृदयावरचा भार नकळत वाढतो. सायकलचा भार आपण ठरवू तेवढाच राहतो, तोलही जात नाही. दोन्हीकडे नाडीवर विसंबू नका, हृदयाची गती कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांमुळे ती मंदच राहते. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, हीच खरी मोजपट्टी.

फायद्यात डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एचएफ-अ‍ॅक्शन या हार्ट फेल्युअरच्या २,३३१ रुग्णांवरच्या व्यायामाच्या चाचणीत दोन्ही प्रकार वापरले गेले होते.

गुडघे दुखतात, तोल जातो किंवा लगेच धाप लागते त्यांनी सायकल घ्यावी. एकटेपणाचा कंटाळा येणाऱ्यांनी सपाट रस्त्यावर चालावं. वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं (अंगात पाणी साठत असल्याची ही खूण असू शकते), तर दोन्ही थांबवून आधी डॉक्टरांना फोन.