पीक फ्लो मीटर: दमा असलेल्या घरात हवाच

आईला दमा आहे. पीक फ्लो मीटर म्हणजे फुंकलेली हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारं हातात धरायचं छोटं साधन. पहाटेचा खोकला आणि छातीतली शिट्टी सुरू व्हायच्या आधीच बरेचदा या मीटरचा आकडा घसरलेला दिसतो, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे, एका दमात जोरात फुंकायचं. ३ फुंकांतला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर असाल तर ठीक. ५० टक्क्यांच्या खाली गेलात तर तातडीने औषध आणि डॉक्टर. आकडा दाखवणारा काटा मात्र दर वेळी फुंकण्याआधी शून्यावर आणावा लागतो. सीओपीडीचं (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या फुप्फुसाच्या आजाराचं) निदान याने होत नाही, त्याला स्पायरोमेट्रीच, म्हणजे यंत्रात फुंकून केलेली फुप्फुसांची सविस्तर तपासणीच लागते. आणि खोकला २ आठवडे हटत नसेल, बेडक्यात रक्त दिसत असेल, तर आधी क्षयाची तपासणी करून घ्या.