बाहेर जाणाऱ्याला कोण अडवतं? विंडोजवरच्या फायरवॉलची घरगुती परीक्षा

दादरला स्टेशनजवळ माझ्या मावसभावाचं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. तीन लॅपटॉप, एक प्रिंटर, दोन मदतनीस. संध्याकाळी बोरिवली लोकलमध्ये बसायला जागा मिळालीच तर तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एखादं रिटर्न डोळ्याखालून घालतो. मध्यंतरी एक दिवस अंधेरी यायच्या आत दिवसभराचा डेटा संपला. कुठला प्रोग्रॅम किती नेट वापरतो ते दाखवणारा विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडून बघितलं, तर पीडीएफ जोडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर मागच्या मागे बाहेर काहीतरी पाठवत बसलेलं. त्याने ते कित्येक महिन्यांत उघडलंही नव्हतं. "अरे, पण फायरवॉल तर चालू आहे ना?"

चालू होतीच. विंडोजची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा तपासणारा पहारेकरी, आहे तशी ठेवली तर ती येणाऱ्याला हटकते, जाणाऱ्याला नाही. २००४ च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ या अपडेटमध्ये बाहेर जाणारं अडवायची सोयच नव्हती. पुढच्या व्हिस्टा आवृत्तीपासून ती आली, पण मूळ सेटिंग 'जाऊ द्या' हेच राहिलं. आपल्याकडे सोसायटीतून जुना सोफा बाहेर काढायचा तरी सेक्रेटरीची चिठ्ठी लागते. इथे कपाट उचलून नेलं तरी वॉचमन मान वर करत नाही.

त्याच्यासाठी मी चार पर्याय समोर ठेवले: विंडोजचीच फायरवॉल कडक करून त्यावर 'विंडोज फायरवॉल कंट्रोल', 'सिंपलवॉल', 'टायनीवॉल' आणि 'पोर्टमास्टर'. चारही फुकट मिळतात (पोर्टमास्टरच्या काही जादा सोयींना पैसे पडतात). कोमोडो या आणखी एका फायरवॉलचं नाव काढून टाकलं. ते कुठला प्रोग्रॅम कुणाला उठवतो यावरही नजर ठेवतं, त्यामुळे ताकद जास्त, पण त्याचे प्रश्न मदतनिसांना झेपणार नाहीत. तिसऱ्या दिवशी ते न वाचता 'हो' दाबायला लागतील.

पहिली चाचणी अगदी साधी. २०१८ पासून विंडोज १० बरोबर 'कर्ल' हे कमांडवरून वेब पान मागवणारं अवजार आयतं येतं. दुसऱ्या लॅपटॉपवर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा एका ओळीचा वेब सर्व्हर सुरू करायचा आणि पहिल्यावरून कर्लने त्याला हाक मारायची. हाक पोचली तर समोरच्या स्क्रीनवर लगेच एक ओळ उमटते: पत्ता, वेळ, काय मागितलं. फायरवॉल 'अडवलं' म्हणते त्यापेक्षा मला त्या न उमटलेल्या ओळीवर जास्त भरवसा वाटतो. फक्त हीच चाचणी बाहेरच्या एखाद्या साइटवरही करा, कारण घरच्या नेटवर्कला वेगळी सूट दिलेली असू शकते. नीट लावल्यावर चारही पर्यायांकडून इथे पास व्हायची अपेक्षा आहे. 'नीट लावल्यावर' हे मुद्दाम म्हणतोय: पोर्टमास्टर बसवल्या बसवल्या माग काढणारे ओळखीचे पत्ते गाळतं, बाकीच्यांना जाऊ देतं. सरसकट अडवणं किंवा विचारणं आपण चालू करायचं असतं.

दुसरी चाचणी नाव बदलण्याची. ही युक्ती जुनी आहे. सुरक्षा-तज्ज्ञ स्टीव्ह गिब्सन यांच्या 'लीकटेस्ट' या छोट्या प्रोग्रॅमने २००० च्या सुमारास हेच करून बघता यायचं. कर्लची प्रत काढा, तिला क्रोमचं नाव द्या, डेस्कटॉपवरून चालवा. नियम पूर्ण पाथवर (फाइल कुठल्या फोल्डरात आहे त्या पत्त्यावर) बांधलेला असेल तर नुसत्या नावाने ती सुटत नाही. खरी मेख पुढे आहे. काही प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरात बसतात, आणि तिथली फाइल बदलायला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. त्याच जागी, त्याच नावाने दुसरी फाइल ठेवली, की नुसता पाथ बघणाऱ्या नियमाच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर ब्राउझर सगळ्यांसाठीच्या प्रोग्रॅम फाइल्समध्येच बसवा. हा एक बदल फायरवॉल निवडण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

तिसऱ्या चाचणीत कर्ल नाही, एज ब्राउझर वापरायचा. तो खिडकी न उघडता कमांडवरून चालतो आणि पत्त्याच्या शेपटीला हवा तो मजकूर जोडता येतो. चोरून न्यायच्या माहितीच्या जागी मी 'पॅन' हा शब्द जोडला. ब्राउझरला परवानगी असते, म्हणून चारांपैकी कुणीही हे अडवेल अशी आशा धरू नका. ओळखीच्या माणसाच्या पिशवीतून सामान गेलं, तर गेट काय करणार?

चौथी चाचणी डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा), आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी. आधी डीएनएसची साठवण पुसा, मग पूर्वी कधी न उघडलेल्या साइटला पिंग करा, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारणारी कमांड द्या. पिंग अडतो, पण ओळीत आकडी पत्ता दिसला तर समजा: नाव बाहेर गेलं, उत्तर घेऊन आलं. विंडोजमध्ये बहुतेक प्रोग्रॅमचे हे प्रश्न एकच सेवा विचारते, आणि तिला बंदी घातली तर इंटरनेटच बसतं. त्यामुळे पहिल्या तिघांत ही फट बहुधा उघडीच राहते. पोर्टमास्टर स्वतःचा डीएनएस चालवतं आणि साइटच्या नावावर नियम लावू देतं. इथे ते उघड उघड पुढे आहे.

आता रोजच्या वापराचं. विंडोज फायरवॉल कंट्रोल आणि सिंपलवॉल आधी अडवतात, मग विचारतात. म्हणजे परवानगी दिल्यावर तीच गोष्ट पुन्हा करावी लागते. जीएसटी पोर्टलवर ओटीपीची वेळ संपत असताना हे जिवावर येतं. टायनीवॉल विचारतच नाही. काही चाललं नाही तर आपण जाऊन त्या खिडकीवर क्लिक करून सूट द्यायची. आईवडिलांच्या लॅपटॉपवर मी डोळे मिटून हेच बसवीन. सिंपलवॉल हलकं आहे, उघड्या स्रोताचं आहे, आणि त्याच्या गाळण्या विंडोज फायरवॉलच्या नियमांपेक्षा वेगळ्या असतात. दोन्ही चालू ठेवलेत तर प्रोग्रॅमला दोघांचा होकार लागतो. एकाच्या यादीत परवानगी बघून 'मग चालत का नाही' म्हणून डोकं धरायची वेळ येते ती इथे.

भावाला मी विंडोज फायरवॉल कंट्रोल दिलं, 'मीडियम फिल्टरिंग'वर, म्हणजे नियमात नसलेलं बाहेर जाऊ न देणाऱ्या सेटिंगवर. त्याचे नियम विंडोजच्याच फायरवॉलमध्ये बसतात, त्यामुळे वरचं सॉफ्टवेअर बंद पडलं तरी नियम जागेवर राहतात. शिवाय ॲडमिनचे हक्क मिळालेला कुठलाही प्रोग्रॅम विंडोजच्या फायरवॉलमध्ये गुपचूप स्वतःसाठी नियम लिहू शकतो. यातल्या 'सिक्युअर रूल्स' या सोयीने असे उपटसुंभ नियम बंद होतात किंवा पुसले जातात. दोन्ही मदतनिसांची खाती साधी केली, ॲडमिन काढून घेतलं. त्यावर एक जण दोन दिवस रुसला होता.

एकट्याचा लॅपटॉप असेल, डीएनएसपर्यंत लक्ष ठेवायचं असेल आणि पहिला आठवडा नियम जुळवत बसायची तयारी असेल, तर मात्र पोर्टमास्टर घ्या. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर तेच आहे.

पीडीएफवालं सॉफ्टवेअर त्याच रात्री काढून टाकलं. कर्लची फेरी आता विंडोजच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर मारतो. पाच मिनिटं लागतात, त्यातली तीन दुसरा लॅपटॉप चार्ज आहे का हे शोधण्यात जातात.