बॉल पायथनची मादी वजनात आली का? दहा किलोच्या किचन काट्याचं परीक्षण

पांढऱ्या प्लॅस्टिकचा, वर गोल तबकडी आणि खाली छोटा डिस्प्ले असलेला काटा. दोन पेन्सिल सेल, कमाल वजन १० किलो, एक-एक ग्रॅमचा आकडा, किंमत तीनशे ते पाचशे रुपये. घरी केक करणाऱ्यांच्या ओट्यावर दिसतो तोच. बॉल पायथन, म्हणजे घरात पाळला जाणारा छोटा आफ्रिकी अजगर, पाळणाऱ्यानं थर्मोस्टॅटनंतर लगेच कुठली वस्तू घ्यावी, तर ही. मादीला यंदा नराकडे सोडायचं की वर्षभर थांबायचं, हे नुसत्या नजरेनं ठरत नाही. गुंडाळी करून बसलेल्या सापाच्या वजनाचा अंदाज दोनशे-तीनशे ग्रॅमनं सहज चुकतो, आणि नेमक्या तेवढ्याच फरकावर हा निर्णय अडलेला असतो.

आधी आकडा. मादी किमान १५०० ग्रॅम आणि किमान तीन वर्षांची असावी, हा पाळणाऱ्यांमध्ये रुळलेला हिशेब आहे. पहिल्या खेपेला १७००-१८०० पर्यंत थांबणं जास्त बरं. नराला एवढं वजन लागत नाही, ६००-७०० ग्रॅमचा नर काम करतो. आपल्याकडे कालवड वजनात आल्याशिवाय भरवत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की कालवड माजावर आल्याचं ओरडून सांगते आणि ही मादी गप्प असते.

१५०० च का, ते साध्या वजाबाकीतून कळतं. एक अंडं साधारण ८० ते ९० ग्रॅमचं असतं आणि एका खेपेला बहुधा चार ते आठ अंडी होतात. १२०० ग्रॅमच्या मादीनं ८० ग्रॅमची पाच अंडी घातली तर ४०० ग्रॅम, म्हणजे अंगाचा तिसरा हिस्सा एका रात्रीत गेला. त्याआधी दोन-तीन महिने तिनं खाणं सोडलेलं असतं. अंडी तिच्याजवळच ठेवली तर ती खुडूक कोंबडीसारखी वेढा घालून आणखी दोन महिने उपाशी बसते. अशी मादी पुन्हा खायला लागायला महिनोन्‌महिने घेते. काही माद्या अंडं अडकून किंवा अशक्तपणानं मरतात. १८०० ग्रॅमच्या मादीनं ८५ ग्रॅमची सहा अंडी घातली तर ५१० ग्रॅम जातात, पण मागे जवळजवळ तेराशे ग्रॅमचं शरीर उरतं.

आता काट्याकडे. तबकडीवर साप थेट ठेवता येत नाही, झाकणाचा डबा लागतो. इथेच पहिली अडचण येते. साडेतीन-चार फूट मादी मावेल असा डबा तबकडीपेक्षा मोठा होतो आणि डिस्प्ले झाकून टाकतो. वाकून बघताना हात डब्याला लागला की आकडा हलतो. उपाय सोपा आहे: तबकडीवर एक जाड, उपडा स्टीलचा वाडगा ठेवायचा, त्यावर रिकामा डबा झाकणासकट ठेवायचा आणि मग ‘टेअर’चं बटण दाबून शून्य करायचं. डबा उंच जातो, आकडा मोकळा दिसतो. डब्याची कड काट्याच्या अंगाला किंवा भिंतीला टेकता कामा नये, टेकली तर वजन कमी दाखवतं. डबा मधोमध असावा. या काट्याच्या पोटात भार मोजणारा एकच सेन्सर (लोड सेल) असतो, त्यामुळे भार एका कडेला गेला की काही ग्रॅम इकडेतिकडे होतात. डबा नको असेल तर उशीचा सुती अभ्रा वापरावा. तोंडाला गाठ मारून मादी आत ठेवली की अंधारात ती गुंडाळी करून शांत होते आणि आकडा लवकर थांबतो.

या काट्यात आकडा धरून ठेवायची सोय नाही, ही त्याची खरी उणीव. साप सरकतो तसा आकडा पाच-दहा ग्रॅमनं वरखाली होतो. तीन वेळा वाचन घेऊन मधला आकडा लिहावा. त्यातच काही मिनिटांत काटा आपोआप बंद पडतो. बंद पडला की शून्यही गेलं, म्हणजे साप काढून सगळं पहिल्यापासून. म्हणून शून्य केल्यावर रेंगाळू नये. पंखा बंद ठेवावा आणि काटा ओट्यावर किंवा फरशीवर ठेवावा. सतरंजीवर ठेवला तर पाय दबून वजन चुकतं. एककाचं बटण शेजारीच असतं, ते चुकून दाबलं की ग्रॅमऐवजी औंस दिसतात. १८०० ची मादी एकदम ६३ झाली तर घाबरू नका, बटण बघा.

काटा खरा आहे का, हे महिन्यातून एकदा तपासायचं. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत ओळखीचा धान्याचा दुकानदार असेल तर त्याच्याकडची वैधमापनचा शिक्का असलेली एक आणि दोन किलोची लोखंडी मापं ठेवून बघावीत. दोन्ही मापांवर फरक पाच ग्रॅमच्या आत असेल तर या कामाला पुष्कळ झालं. फरक दर वेळी तेवढाच असेल तरीही चालेल. मात्र आज आठ ग्रॅम आणि उद्या तीस असा फरक येत असेल तर आधी सेल बदलावेत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात सेलच्या पट्ट्यांवर हिरवा गंज धरतो आणि आकडा तरंगायला लागतो. पट्ट्या कोरड्या कापडानं पुसाव्यात, आणि काटा वापरात नसताना सेल काढून डब्यात ठेवावेत.

वजन कधी घ्यायचं हे काट्याइतकंच महत्त्वाचं. दर वेळी खायला देण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे मागचा उंदीर पचून गेल्यावर घ्यावं. ८० ग्रॅमचा उंदीर पोटात असताना केलेलं वजन ८० ग्रॅमनं फुगलेलं असतं, आणि बरेच दिवस साठलेली विष्ठा व युरेट (सापाची पांढरी, घट्ट लघवी) एकदम पडली की तेवढंच उतरतं. वहीत तारीख, वजन, काय आणि किती ग्रॅम खायला दिलं, खाल्लं की नाही, विष्ठा, कात, असे सहा रकाने पुरतात. कात टाकण्याआधी डोळे निळसर झाले असतील तर त्या आठवड्यात मादीला हात लावू नये, वजन राहिलं तरी चालेल.

या वहीतला एकटा आकडा फसवतो, चढउतार खरं बोलतो. दीड वर्षाच्या मादीला दर चार दिवसांनी उंदीर चारून १५०० वर आणता येतं. काटा तिला पास करेल, पण ते वजन चरबीचं असतं. तिला हातात घेऊन बघा: अंग वळवल्यावर कडेला वळ्या पडतात, खवल्यांच्या मधली कातडी दिसते, शेपटीच्या बुडाशी गोळे जाणवतात. उलट पाठीचा कणा छपराच्या आढ्यासारखा वर आला असेल तर १६०० ची लांबलचक मादीसुद्धा रोडच म्हणायची. चांगल्या मादीचं अंग आडव्या छेदात गोलसर त्रिकोणी असतं, कणा बोटाला लागतो पण टोचत नाही. वर्ष-दोन वर्षं संथ चढत आलेली रेघ आणि असं अंग, दोन्ही जुळलं तरच जोडी लावायचा विचार करावा.

थंडीत वजनाची रेघ वाचताना गफलत जास्त होते. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात रात्री पारा १५ अंशांच्या आसपास येतो. साप ठेवलेल्या टबमध्ये गरम बाजू ३१-३२ आणि गार बाजू २५-२६ राखलेली नसेल तर मादी खाणं सोडते, आणि पाळणाऱ्याला वाटतं ती अंड्यांच्या तयारीला लागली. ती नुसती गारठलेली असते. लाइट गेल्यावर हीटिंग किती वेळ बंद होतं, तेही वहीत लिहावं. उपासात वजन दहा टक्क्यांच्या आत उतरणं या जातीत नेहमीचं आहे. १८०० ची मादी १६२० च्या खाली गेली, किंवा तोंडाशी फेस आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, तर जोडी विसरून सापांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्यावं.

काटा काय सांगत नाही, तेही स्पष्ट लिहायला हवं. मादी हलकी आहे, हे तो खात्रीनं सांगतो. मादी तयार आहे, हे त्याच्या आवाक्यातलं नाही. ते पोटातल्या फॉलिकलवर, म्हणजे अंडाशयात वाढणाऱ्या अंड्यांच्या गोळ्यांवर ठरतं आणि ते दिसतात सोनोग्राफीत. २० मि.मी.च्या पुढे गेले की नराशी गाठ घालण्यात अर्थ असतो. ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे ते अंडाशयातून सुटण्याच्या सुमाराला ते ४० मि.मी.च्या आसपास पोचतात. अनुभवी हात मादीला बोटांवरून हळू सरकवत मागच्या तिसऱ्या भागात गोट्यांची ओळ ओळखतात, पण नवख्यानं हे करू नये, जोरात दाबलं तर आत इजा होते. बाहेरून दिसणाऱ्या खुणा अशा: मादी गार बाजूला पडून राहते, पाण्याच्या भांड्याला वेढा घालते, पोट वर करून लोळते, रंग फिकट उजळतो, आधी हावरटासारखी खाते आणि मग अचानक तोंड फिरवते. यातली एखादी खूण पुरेशी नाही. तीन-चार एकत्र आणि वहीतलं वजन भरलेलं, तर मादी तयार असण्याची शक्यता बरीच, पण खात्री सोनोग्राफीतच होते.

दुसरे काटे बघितले तर बॅगा मोजायचा हुकाचा काटा दहा ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवतो आणि पिशवी झुलत राहते, त्यामुळे तो या कामाचा नाही. सोनाराचा ५०० ग्रॅमचा काटा पिल्लांसाठी छान, मादीसाठी निरुपयोगी. किराणा दुकानातला टेबलटॉप काटा सगळ्यांत स्थिर, पण किंमत कितीतरी पट. चार-पाच माद्या असतील तरच तो घ्यावा. एक-दोन माद्यांना हा किचन काटा पुरतो. पाचापैकी चार गुण. एक गुण आकडा धरून न ठेवण्यासाठी कापला.

कायद्याचं थोडक्यात. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप, साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मधला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर असे प्राणी ठेवणाऱ्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करणं बंधनकारक आहे, आणि पिल्लं झाली की त्यांचीही नोंद द्यावी लागते. कागद नसतील तर जोडी लावूच नये. राधानगरीच्या बाजूला आढळणारा आपला भारतीय अजगर अनुसूची १ मध्ये आहे, तो घरात ठेवणं गुन्हा आहे.

जोडी लागल्यावर काट्याचं काम कमी होत जातं. ओव्ह्युलेशनला मादीचा मधला भाग मोठं भक्ष्य गिळल्यासारखा फुगतो. ही फूग एखादा दिवस टिकते, म्हणून रोज नजर हवी. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत कात पडते आणि कातीनंतर सुमारे महिन्याभरात अंडी. फूग दिसल्यापासून वजन बंद, मादीला उचलायचं नाही. अंडी काढून इनक्युबेटरमध्ये ठेवली, टब धुऊन काढला, की मग काटा पुन्हा बाहेर काढावा. त्या दिवशीचा आकडा वहीत लाल पेनानं लिहावा आणि शेजारी जोडी लावण्याआधीचा आकडा. पहिलं खाणं लहान द्यावं, ५० ग्रॅमच्या आतलं. पुढच्या हंगामापर्यंत लाल आकडा चढून जुन्या आकड्याला भिडला नाही, तर ते वर्ष मादीला मोकळं सोडावं.