खंडवहनाचा संच: ठसे अव्वल, पट्टे घाईचे

भूखंड सरकल्याचा जीवाश्मांमधला पुरावा हाताने जुळवून पाहता यावा, यासाठी तयार केलेला एक शैक्षणिक संच मी गेले काही आठवडे वापरत आहे. पेटीत दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांचे लाकडी तुकडे, चार जीवाश्मांच्या प्रतिकृती आणि एक माहितीपुस्तिका आहे.

प्रतिकृतींना पूर्ण गुण द्यावे लागतील. ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानावर तिरपा उजेड पाडला की मधली शीर आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरलेले शिरांचे जाळे उठून दिसते. हे पान पाचही भूभागांच्या खडकांत सापडते. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉटच्या तुकडीने जीव मेटाकुटीला आला तरी जे सुमारे १६ किलो दगड टाकून दिले नाहीत, त्यांतही त्याचे ठसे होते. मेसोसॉरसचे सुईसारखे दातही बारकाईने उतरले आहेत. जेमतेम मीटरभर लांबीचा हा प्राणी ब्राझीलमध्ये आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात सापडतो, आणि एवढ्याशा जिवाने अटलांटिक महासागर पोहून पार केला असे मानण्यापेक्षा तेव्हा मध्ये महासागरच नव्हता असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. खंडवहनाची कल्पना मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरने आपल्या मांडणीत याच प्राण्याचा आधार घेतला होता.

माझी खरी तक्रार कोणता जीवाश्म कुठे सापडतो हे दाखवण्यासाठी तुकड्यांवर रंगवलेल्या पट्ट्यांविषयी आहे. चारही जीवाश्मांचे पट्टे एकाच तांबड्या रंगात आहेत, त्यामुळे हे सगळे जीव एकाच काळी शेजारी नांदत होते असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मेसोसॉरस सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा, तर लिस्ट्रोसॉरस हा जमिनीवरचा शाकाहारी प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. शिवाय लिस्ट्रोसॉरसचा सुकाळ झाला तोवर ग्लॉसोप्टेरिसची सद्दी संपलेली होती. चौथा जीवाश्म, सायनोग्नॅथस हा मांसाहारी प्राणी, तर लिस्ट्रोसॉरसच्याही नंतरचा. इतक्या दीर्घ काळातले पुरावे एकाच जोडणीकडे बोट दाखवतात, हीच या पुराव्याची ताकद, आणि नेमकी तीच इथे पुसली गेली आहे. पट्टे सलग रंगवल्याने जीवाश्म मोजक्याच ठिकाणी सापडतात हेही लपते.

तुकडे आजच्या किनाऱ्याबरहुकूम कापल्यामुळे ते जुळवताना फटी राहतात. समुद्रबूड जमिनीची कड धरली असती, म्हणजे सुमारे ९०० मीटर खोलीची रेषा, तर जोड पुष्कळच नेटका बसला असता. पुस्तिकेबद्दल फार लिहावे असे काही नाही. लिस्ट्रोसॉरस चीन आणि रशियातही सापडतो याचा तिच्यात उल्लेख नाही, बहुधा त्या भूभागांचे तुकडेच पेटीत नाहीत म्हणून.

संच मी परत केलेला नाही. पट्ट्यांवर काळानुसार वेगवेगळ्या रंगांचे कागद चिकटवले आहेत आणि मेसोसॉरसचा निळा कागद फक्त दोन तुकड्यांवर आला आहे.