घाटातली मालगाडी: तीन डीसी इंजिनं घ्यावीत की दोन एसी?

घाटासाठी डिझेल इंजिन निवडताना माहितीपत्रकातला अश्वशक्तीचा आकडा आधी बोटाने झाकावा. तो आकडा गाडी चढ किती वेगाने चढेल ते सांगतो. ती मुळात चढेल का, हे दोन गोष्टींवर ठरतं: चाक रुळाला किती धरून राहतं आणि रांगत्या वेगात ट्रॅक्शन मोटर (डिझेलने तयार केलेल्या विजेवर चाकं फिरवणारी मोटर) किती वेळ तग धरते. ही मोटर डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरची) की एसी (दिशा बदलत राहणाऱ्या विजेवरची), हा वाद सगळा इथलाच आहे.

दोन अमेरिकी इंजिनं समोरासमोर ठेवू. एसडी४०-२ हे १९७२ सालचं, डीसी मोटरचं, ३,००० अश्वशक्तीचं, वजन साधारण १६७ टन. मंद वेगात ते सलग सुमारे ३७.५ टनांची ओढ देतं. एसडी७०मॅक १९९३ पासूनचं, एसी मोटरचं, ४,००० अश्वशक्ती, वजन १८८ टन आणि सलग ओढ सुमारे ६२ टन. अश्वशक्ती तिसऱ्या हिश्श्याने वाढली, पण ओढ जवळपास दोन तृतीयांशाने. बर्लिंग्टन नॉर्दर्न या अमेरिकी रेल्वेने कोळशाच्या गाड्यांवर पाच एसडी४०-२ काढून तीन एसडी७०मॅक लावली, ती याच हिशोबावर.

आता ४,००० टनांची गाडी २.२ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे साधारण १:४५ च्या घाटात घाला. चढाचे टनामागे २२ किलो आणि घर्षणाचे अडीच किलो धरा. इंजिनांनाही स्वतःचं वजन वर न्यावं लागतं, हे हिशोबात बरेचदा राहून जातं. तीन डीसी इंजिनांसह गाडी होते सुमारे ४,५०० टन. ओढ लागते ११० टन आणि मिळते ११३. दोन एसी लावली तर लागते १०७ आणि मिळते १२४. डीसीच्या हातात उरतात तीन टन, आणि एक तीव्र वळण आलं की तेही गेले. वेगात मात्र डीसीची जोडणीच किंचित पुढे राहते, कारण तिची एकूण अश्वशक्ती ९,००० आणि दोन एसींची ८,०००. दोन्ही गाड्या १७-१८ किलोमीटरनेच चढतात, त्यामुळे या फरकाचं घाटात फारसं कौतुक नाही. तीच गाडी घाट संपल्यावर शेकडो किलोमीटर सपाटीवर पळवायची असेल, तर मात्र तो मोजावा.

डीसी इंजिनाच्या केबिनमध्ये चढावर सगळ्यांची नजर अँपिअरच्या काट्यावर खिळलेली असते. वेग कमी झाला की करंट वाढतो आणि काटा लाल पट्टीत शिरतो. तिथून घड्याळ सुरू होतं. लाल पट्टीत किती खोलवर गेलात त्यावर किती मिनिटं मिळणार ते ठरतं, आणि ती संपली की मोटरची वेटोळी भाजू लागतात. एसी मोटरमध्ये कार्बन ब्रश नाहीत, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासत राहतात तो मोटरचा फिरता भाग) नाही. गाडी जवळपास थांबली तरी ती काही काळ पूर्ण जोर लावून उभी राहू शकते. ओल्या रुळावर चाक सुटलं तरी हाच फरक दिसतो. सुटलेली डीसी मोटर वेग घेत जाते. तिला आवरायला ताकद कमी करावी लागते, वाळू सोडावी लागते, आणि तेवढ्यात गाडी दम टाकते. एसी मोटर इन्व्हर्टरने (डीसी विजेची एसी करणाऱ्या यंत्राने) दिलेल्या वारंवारितेशी बांधलेली असते, त्यामुळे चाक फार उधळत नाही. जुन्या डीसी इंजिनात वजनाच्या १८ ते २० टक्केच पकड धरून चालावं लागतं, एसीत ३० च्या पुढे जाता येतं. वरच्या हिशोबात तीन डीसींना २२ टक्के पकड लागतेच आहे. म्हणजे पावसात ती गाडी अडकणारच.

दुरुस्तीत डीसी स्वस्त, असं सरसकट म्हणतात. ते अर्धंच खरं. ब्रश बदलणं, कम्युटेटर घासणं हे काम कुठल्याही शेडमधल्या जाणत्या माणसाला येतं, पण ते सतत करावं लागतं. एसीत मोटरकडे फारसं बघावं लागत नाही, मात्र इन्व्हर्टर बिघडला तर काम पाना-हातोडीचं राहत नाही. म्हणून एसी घेताना विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: इन्व्हर्टर बोगीमागे (इंजिनाखालच्या चाकांच्या संचामागे) एक की प्रत्येक चाकजोडीच्या अ‍ॅक्सलमागे एक? एसडी७०मॅकमध्ये तो बोगीमागे एक आहे, जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीच्या एसी४४००मध्ये अ‍ॅक्सलमागे एक. दोन इंजिनांच्या आपल्या गाडीत एक बोगी गेली तर १२४ टनांचे ९३ राहतात आणि गाडी थांबते. एकच अ‍ॅक्सल गेला तर ११४ टन उरतात आणि ती चढून जाते.

उताराकडे चढाइतकं लक्ष कुणी देत नाही. १२ मे १९८९ रोजी कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीतून उतरणारी सदर्न पॅसिफिक रेल्वेची मालगाडी सॅन बर्नार्डिनोत रूळ सोडून घरांवर गेली. कागदावर ती सुमारे ६,१५० अमेरिकी टनांची होती, प्रत्यक्षात जवळपास ९,००० टनांची. सहा इंजिनांपैकी काहींचे डायनॅमिक ब्रेक (मोटरलाच जनित्र बनवून गाडी आवरणारे ब्रेक) चालत नव्हते. मागच्या बँकरच्या (गाडीला मागून जोडलेल्या मदतीच्या इंजिनाच्या) चालकाने इमर्जन्सी ब्रेक लावला तेव्हा चालू होते तेही बंद पडले, कारण त्या इंजिनांची रचनाच तशी होती. तेव्हा जुनं इंजिन घेताना डायनॅमिक ब्रेक प्रत्येकावर वेगळा तपासून घ्या, आणि इमर्जन्सीतही तो चालू राहतो का ते पाहा. डीसीमध्ये हा ब्रेक मंद वेगात लुळा पडतो, एसीत गाडी थांबत आली तरी धरतो. माझ्या लेखी एसीच्या बाजूने हा एकच मुद्दा ओढीच्या सगळ्या आकड्यांना भारी आहे.

एसीची ताकद दिसली म्हणून मोठ्या गाडीला तीन एसी इंजिनं पुढेच जोडू नका. सुरुवातीला ती मिळून २४० टनांच्या आसपास ओढतील आणि पहिल्या वाघिणीचं कपलिंग तुटेल. वळणावर रिकाम्या वाघिणी आतल्या बाजूला ओढल्या जाऊन रूळ सोडण्याची भीती असते ती वेगळीच. एखादं इंजिन मध्ये किंवा मागे हवं, रेडिओने चालणारं किंवा माणसासकट बँकर.

घाटात लांब बोगदे असतील तर आणखी एक गोष्ट. मागचं इंजिन पुढच्याचा गरम धूर ओढून तापतं. सदर्न पॅसिफिकने यासाठी एसडी४५टी-२ आणि एसडी४०टी-२ ही इंजिनं बनवून घेतली, ज्यांत थंड हवा खालून, इंजिनाच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेच्या उंचीवरून घेतली जाते.

रोजची जड वाहतूक, दोन टक्क्यांच्या वरचा लांब चढ आणि पाऊस किंवा बर्फ असेल, तर एसीच घ्या. चढ पाच-सहा किलोमीटरचा असेल, गाडी आठवड्यातून दोनदा जात असेल आणि शेडमध्ये डीसीचे जाणकार असतील, तर तीन जुनी डीसी पुरतात. ओल्या दिवशी गाडी तोडून दोन खेपांत वर न्यायची, एवढीच तयारी ठेवायची. तिसरी वाटही आहे: नॉरफोक सदर्न या अमेरिकी रेल्वेने आपली डॅश ९ जातीची डीसी इंजिनं उघडून त्यांना एसी मोटर बसवल्या आणि एसी४४सी६एम असं नाव दिलं. सांगाडा धड असेल तर नवीन इंजिनाची ऑर्डर देण्याआधी त्याचीही किंमत काढून घ्यावी.