लिटल इंडिया की कम्पोंग ग्लाम?

सिंगापूरच्या सहलीत ठरलेली स्थळे पाहून झाल्यावर बहुधा एखादीच मोकळी वेळ हाती उरते, आणि ती कोणत्या जुन्या वस्तीत घालवावी, असा प्रश्न पडतो. लिटल इंडिया आणि कम्पोंग ग्लाम या दोन वस्त्या पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत, दोन्हींना १९८९ मध्ये जतनक्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि खाली दुकान, वर घर अशा ठेंगण्या इमारतींच्या रांगाही दोन्हींकडे सारख्याच दिसतात. तरीही त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

भारतातून इतक्या दूर जाऊन पुन्हा ‘इंडिया’च काय पाहायचा, ही शंका रास्त वाटली तरी ती नावाने केलेली दिशाभूल आहे. सेरांगून रोडच्या या परिसरात तमिळ वळणाची छाप ठळक आहे; पण सुरुवातीलाच लागणाऱ्या टेक्का बाजाराचे नाव चिनी, म्हणजे होक्किएन बोलीतले असून त्याचा अर्थ ‘बांबूंच्या पायथ्याशी’ असा होतो, तर याच बाजाराच्या ‘कांडांग केरबाऊ’ या जुन्या मलय नावाचा अर्थ ‘म्हशींचा गोठा’ असा आहे. एकोणिसाव्या शतकात येथे गुरांचा मोठा व्यापार चाले, त्याची आठवण जवळच्या बफेलो रोडने जपली आहे. आज या बाजारात तळमजल्यावर मासळी, मटण, भाज्या आणि खाण्याचे गाळे, तर वर कपड्यांची दुकाने आहेत, आणि एकाच ओट्याशी तमिळ, चिनी आणि मलय गिऱ्हाईक उभे असते. त्यांपैकी कोणीही पर्यटकासाठी तेथे आलेले नसते, हेच या वस्तीचे खरे आकर्षण होय.

तेथून काही पावलांवर तान तेंग निया या चिनी व्यापाऱ्याचा १९०० मध्ये बांधलेला बंगला आहे. लिटल इंडियातील चिनी बंगल्यांपैकी एवढाच शिल्लक उरला आहे. छायाचित्रांत गाजलेले त्याचे भडक रंग मात्र नंतरचे आहेत, हे जाणून पाहिलेले बरे. मला स्वतःला त्याहून डनलॉप स्ट्रीटवरील अब्दुल गफूर मशीद अधिक मोलाची वाटते. १९१० मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूच्या प्रवेशद्वारावर सूर्यासारखी एक नक्षी असून तिच्या पंचवीस किरणांवर पंचवीस प्रेषितांची नावे अरबी सुलेखनात कोरलेली आहेत. रस्त्यावरून सहज नजर टाकणाऱ्याला ती निव्वळ शोभा वाटते.

कम्पोंग ग्लामचा इतिहास अधिक आखीव आहे. १८२२ च्या नगररचनेत हा भाग जोहोरचे सुलतान हुसेन शाह यांचे कुटुंब, मलय, सुलावेसी बेटाकडचे बुगिस आणि अरब लोक यांच्यासाठी राखला गेला, आणि अरब, बगदाद, मस्कत, कंदाहार ही रस्त्यांची नावे वाचतच माणूस पुढे जातो. सध्याची सुलतान मशीद १९३२ मध्ये पूर्ण झाली. तिच्या सोनेरी घुमटाच्या तळाशी एक काळसर पट्टा दिसतो. जवळ जाऊन निरखल्यावर कळते की तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. गरिबांचाही या बांधकामात वाटा असावा, म्हणून त्यांच्याकडून या बाटल्या घेतल्या गेल्या. समोरचा बुसोरा स्ट्रीट पादचाऱ्यांसाठी मोकळा असल्यामुळे वडीलधारी मंडळी किंवा लहान मुले सोबत असल्यास ही वस्ती निश्चितच सोयीची पडते. परंतु हाजी लेनमधील भित्तिचित्रे आणि कॅफे पाहताना हे सारे आपल्यासाठीच मांडून ठेवले आहे, ही जाणीव सुटत नाही. पूर्वी हजयात्रेकरूंनी गजबजलेल्या या परिसराचे रोजचे जीवन आता बरेच मागे सरले आहे.

म्हणून एकच निवड करावयाची असेल, तर मी लिटल इंडियाच्या बाजूने कौल देईन, मात्र कामाच्या दिवशी आणि सकाळी. कारण येथील मंदिरे दुपारी बंद असतात. रविवारी दक्षिण आशियातून आलेले कामगार आठवड्याच्या एकमेव सुट्टीत येथे मित्रांना भेटतात, तेव्हा पदपथावर पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी अनुभवावी असे काही जण सांगतात. दुसऱ्याच्या सुट्टीचा तमाशा पाहावा, हे मला पटत नाही.

हाती संध्याकाळच असेल, तर निर्णय उलटा करावा. उन्हे उतरल्यावर घुमट उजळतो, मुर्तबाकच्या, म्हणजे सारण भरलेल्या पराठ्याच्या, तव्यांभोवती वर्दळ वाढते, आणि तेथून चालत बीच रोडवरच्या १८४६ च्या हाजा फातिमा मशिदीपर्यंत जाता येते, जिचा मनोरा स्पष्ट दिसेल इतका कललेला आहे. सुलतान मशीद आतून पाहावयाची असल्यास मात्र शुक्रवार टाळावा आणि दिवसाच जावे.